अधिग्रहण विहिरीचं, जोखीम मालकाची

आमच्या विहिरीला कठडा नाही. आजोबांनी ती खोदली तेव्हा मोट चालायची. एका अंगाला मोटेची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, दुसऱ्या अंगाला आत उतरायला दगडी पायऱ्या. मोट गेली, डिझेल इंजिन आलं, पुढं विजेची मोटर बसली. विहीर आहे तशीच राहिली. घरच्या माणसांना तिथं कुठं पाय ठेवायचा हे सांगावं लागत नाही. वरून तिसरी पायरी हलते. धावेच्या कडेचा दगड ओला झाला की निसरडा होतो. इतक्या वर्षांत त्या विहिरीत आमच्या घरचं कुणी पडलं नाही.

एका उन्हाळ्यात गावच्या नळयोजनेची विहीर आटली आणि आमची विहीर अधिग्रहित झाल्याचा आदेश आला. एका पानाचा कागद. त्यावर गट नंबर, विहीरमालकाचं नाव, कालावधी आणि रोजचा मोबदला. वडिलांनी उभ्या उभ्या सही केली. गावाला प्यायचं पाणी द्यायला नाही म्हणायचं, हे आमच्याकडं कुणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारलाच हंडे वाजायला लागले. जिथं दिवसाला घरची चार माणसं फिरकायची, तिथं शंभर-दीडशे बायापोरांची रांग लागली. सांडलेल्या पाण्यानं धावेपासून पायऱ्यांपर्यंत चिखल. मोटर चालू असली की पाणी वर यायचं, वीज गेली की बाया दोर आणि कळशी घेऊन पायऱ्या उतरायच्या.

वैशाखात एका पहाटे मागून रेटा आला आणि एक बाई त्या तिसऱ्या पायरीवरून घसरली. विहिरीत पाणी गुडघाभर होतं, म्हणून बुडाली नाही. पण दगडावर आदळून खुब्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. पहिला प्रश्न होता, विहीर कुणाची? सातबारा निघाला, वडिलांचं नाव निघालं आणि चौकशी तिथंच थांबली. ज्या कार्यालयानं विहीर ताब्यात घेतली होती तिथं वडील गेले, तेव्हा उत्तर मिळालं, ‘विहीर तुमची, कठडा बांधणं तुमचं काम. आम्ही फक्त पाणी घेतलं.’ त्या बाईच्या घरच्यांनी आमच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. दवाखान्याचे पैसे मात्र त्यांनी कर्ज काढून भरले, थोडे वडिलांनी कांदा विकून आलेल्या पट्टीतून दिले. ते बाईच्या खर्चाला पुरले नाहीत आणि आमच्या घरालाही जड गेले. आदेश काढणाऱ्याच्या खिशातून एक रुपया गेला नाही.

‘आम्ही फक्त पाणी घेतलं’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पाणी घेण्यासाठी त्यांनी विहिरीवरचा मालकाचा ताबा काढून घेतला होता. कुणी यायचं, किती वाजता यायचं, किती माणसांनी एका वेळी उभं राहायचं, टँकरची पहिली खेप कधी भरायची, यातलं काहीच वडिलांच्या हातात उरलं नव्हतं. ते विहिरीला कुलूप घालू शकत नव्हते आणि रांग थांबवू शकत नव्हते. तरी अपघात झाल्यावर विहीर एकदम पुन्हा त्यांची झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक संस्था खासगी जागा लोकांसाठी वापरायला घेते, तेव्हा त्या वापरातून होणाऱ्या अपघाताची जबाबदारीही तिनं त्याच कागदावर घेतली पाहिजे. कागद ग्रामपंचायतीचा असो, पंचायत समितीचा, जिल्हा परिषदेचा की महसूल खात्याचा.

हा प्रश्न विहिरीपुरता नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातून चालत जा. शाळेच्या दोन खोल्या कुणाच्या तरी आजोबांनी तोंडी दिलेल्या जमिनीवर उभ्या असतात. बक्षीसपत्र झालेलं नसतं आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. पाण्याची टाकी एकाच्या मळ्यात, अंगणवाडी दुसऱ्याच्या परड्यात, पाणंद रस्ता चौघांच्या बांधावरून. उभ्या पिकातून विजेचे खांब गेलेले. वारीच्या वाटेवर तर पालख्यांचे मुक्काम शेतांत पडतात आणि शेतकरी त्यासाठी रान मोकळं ठेवतो. आपल्या ग्रामीण भागातल्या सार्वजनिक सोयींचा मोठा भाग असा खासगी जमिनीवर, शब्दाच्या भरवशावर उभा आहे. त्याचं मला कौतुकच वाटतं. पण तो शब्द देणाऱ्या माणसाला कायद्यानं कुठं उभं केलंय, हे कुणी बघत नाही.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२चा आहे आणि १८९१पासून तो जुन्या मुंबई इलाख्याला लागू आहे. दुसऱ्याला आपली जागा वापरायची परवानगी देणाऱ्या मालकाची कर्तव्यं त्याच्या ५७ आणि ५८ या कलमांत सांगितली आहेत. जागेतला जो धोका मालकाला माहीत आहे आणि वापरणाऱ्याला माहीत नाही, तो मालकानं सांगितला पाहिजे. आणि परवानगी दिल्यावर जागा धोकादायक होईल असं काही करता कामा नये. ही दोन्ही बंधनं मला मान्य आहेत. तिसरी पायरी हलते हे वडिलांनी सांगायलाच हवं होतं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं, पण ऐकून लिहून घेणारं कुणी नव्हतं, कारण कागदावर त्यासाठी जागाच नव्हती.

राजीखुशीनं परवानगी देणाऱ्या मालकावर कायदा एवढंच बंधन घालतो. मग ज्याच्याकडून आदेश काढून विहीर घेतली, ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती, त्याच्यावर याहून जास्त ओझं कुठल्या न्यायानं टाकायचं?

खांबांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १८८५च्या तार कायद्यात दहावं कलम होतं: तारा आणि खांब टाकणाऱ्याला जमिनीत वापरापुरताच हक्क मिळतो, दुसरा कुठलाही नाही, नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची. हेच अधिकार वीज कंपन्यांना देता येतील अशी तरतूद २००३च्या वीज कायद्याच्या १६४व्या कलमात केली. म्हणजे खांब कंपनीचा, तार कंपनीची, जमीन मात्र शेतकऱ्याचीच. तार तुटून कुणी दगावलं तर काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली स्वच्छ सांगितलं. मध्य प्रदेशात १९९७च्या ऑगस्टमध्ये रात्री पावसात सायकलवरून घरी निघालेला एक कामगार रस्त्यावर पाण्यात पडलेल्या जिवंत तारेनं गेला. वीज मंडळाचा बचाव असा की, कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होतं, ती तार त्याची. न्यायालयानं तो ऐकला नाही. इतकी धोकादायक वस्तू जो पुरवतो, त्याची जबाबदारी तिऱ्हाइताच्या चुकीनं संपत नाही, असं म्हणून मंडळालाच भरपाईला बांधलं.

या निकालामुळं विजेच्या बाबतीत निदान एक पायवाट पडली. विहिरीच्या, शाळेच्या, टाकीच्या बाबतीत ती नाही. जागेच्या ताबेदाराची, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची, जबाबदारी सांगणारा स्वतंत्र कायदाच आपल्याकडं नाही. इंग्लंडनं तो १९५७ साली केला आणि तिथल्या सर्वोच्च अपील पीठानं १९६६ साली ताबेदार कोण याची कसोटीही लावून दिली: जागेवर ज्याचं नियंत्रण तो ताबेदार, आणि असे ताबेदार एकाहून जास्त असू शकतात. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या चांदनी चौकातल्या घड्याळ मनोऱ्याचा निकाल दिला. १९५१ साली तो मनोरा कोसळून माणसं मेली होती. मनोरा ८० वर्षांचा, आणि तसल्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. मालक महापालिका, ताबाही तिचाच, म्हणून भरपाई तिनं दिली. पण मालक एक आणि ताबा दुसऱ्याचा असेल तर? आपल्या गावांत नेमकं तसंच असतं, आणि तिथं सामान्य माणसाला हातात धरता येईल असा कायदा नाही.

व्यवहारात मग काय होतं ते बघा. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८०व्या कलमानं आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वर ‘सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण’ हे कलम जवळपास प्रत्येक कायद्याच्या शेवटी बसलेलं असतंच. शेतकऱ्यावर दावा लावायला यातलं काही लागत नाही. फौजदारी बाजू आणखी सोपी. निष्काळजीपणानं मृत्यू या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेत जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली. आरोपीच्या रकान्यात कुणाचं तरी नाव लिहायचं असतं, आणि सगळ्यांत आधी हाताशी येणारं नाव सातबाऱ्यावर असतं. अधिग्रहणाचा आदेश काढणाऱ्याची तोवर बदली झालेली असते.

सरकारच्या अंगावर नुकसानभरपाईची जबाबदारी नीट यावी, अशी शिफारस पहिल्या विधी आयोगानं १९५६ साली आपल्या पहिल्याच अहवालात केली होती. त्यावरून १९६५ साली आणि पुन्हा १९६७ साली लोकसभेत विधेयक आलं. कायदा झाला नाही. आज सत्तर वर्षं होत आली.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेनं पुढं आला. तिथं लोकांना हिंडायला, मासे धरायला, शिकारीला मोकळी जागा हवी होती आणि ती खासगी मालकांकडं होती. कुणी पडलं-झडलं तर दावा आपल्यावर येईल या भीतीनं मालक फाटकं बंद करायला लागले. म्हणून कॅलिफोर्नियानं १९६३ साली कायदा केला, १९६५ साली राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला, आणि आज पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात तो आहे. फुकट येऊ देणाऱ्या मालकावर, त्यानं जाणूनबुजून धोका लपवला नसेल तर, दायित्व येत नाही. नमुना कायद्यातलं एक कलम मला फार नेमकं वाटतं. मालकानं जमीन लोकांच्या करमणुकीसाठी राज्याला किंवा राज्याच्या एखाद्या स्थानिक संस्थेला भाड्यानं दिली, तरी हे संरक्षण टिकतं. आणि त्या संस्थेनं दिलेलं भाडं हे लोकांकडून घेतलेलं शुल्क धरलं जात नाही. आमच्याकडं ‘तुम्हाला मोबदला मिळतोय ना, मग जबाबदारी घ्या’ असं जे ऐकवलं जातं, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे. मोबदला पाण्याचा असतो. गर्दीच्या जोखमीचा हप्ता त्यात कुणी मोजलेला नसतो. आम्हाला तर तो पुढच्या दिवाळीनंतर मिळाला.

तरी अमेरिकेची नक्कल मला नको आहे. त्या कायद्यानं मालक सुटतो, पण पडलेल्या माणसाच्या हाती पुष्कळदा काहीच लागत नाही. शनिवारी-रविवारी डोंगर चढायला गेलेल्या माणसाच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. तो स्वतःच्या हौसेनं गेला. आमच्या विहिरीवर पहाटे चारला येणारी बाई हौसेनं येत नाही. तिच्या घरात पाणी नसतं, आणि ते पोचवणं ज्यांचं काम होतं त्यांनीच तिला या विहिरीवर पाठवलेलं असतं. मालकाला मोकळं करून तिला वाऱ्यावर सोडायचं असेल तर मला तो कायदा नको. जबाबदारी मालकाच्या अंगावरून काढायची ती तिच्या अंगावर टाकायला नव्हे; ती सार्वजनिक संस्थेनं उचलायला हवी.

आणि मालकांना सरसकट माफी द्या असंही मी म्हणत नाही. स्वतःच्या सोयीसाठी जो धोका तयार करतो, त्यानं तो निस्तरलाच पाहिजे. रानडुकरं येतात म्हणून कुंपणात वीज सोडणाऱ्याला माझी जराही सहानुभूती नाही. बिहारमधल्या एका माणसानं घरच्या संडासाला दुसऱ्यांनी वापरू नये म्हणून तारेतून वीज सोडली आणि एक बाई मेली. आगंतुकासाठीही असा सापळा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६३ सालीच ठरवलं. उघड्या बोअरचंही तसंच. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळच्या खेड्यात लहान मूल बोअरमध्ये पडलं, आणि सगळा देश जवळपास पन्नास तास दूरचित्रवाणीसमोर बसून होता. पुढं अशा घटना होतच राहिल्या, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले: बोअर घ्यायच्या पंधरा दिवस आधी कळवायचं, काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण आणि फलक लावायचा, तोंडाला पोलादी झाकण बसवायचं, निकामी बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचं. हे मालकानं करायचं आणि केलं की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांनी बघायचं. यात मला काही गैर दिसत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला कुंपण घालणं हेही मालकाचंच काम. त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणारं पोरही काठाला येऊन वर चढू शकत नाही.

पण हाच नियम उलट बाजूनंही चालला पाहिजे. बोअर घेताना मालकाला पंधरा दिवस आधी कळवायला लावता, मग विहीर ताब्यात घेताना ती बघायला एक माणूस एक तास का येऊ नये? टंचाईचा आराखडा काही रात्रीतून होत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे टप्पे आधीच ठरलेले असतात. कुठल्या गावाला कुठली विहीर लागणार हे हिवाळ्यातच कागदावर आलेलं असतं. उन्हाळ्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं येऊन पंचनामा करावा: कठडा आहे का, पायऱ्या कशा आहेत, रात्री उजेड आहे का, मालकानं कुठला धोका सांगितला. मग ज्याला विहीर हवी त्यानं लोखंडी नळीचं कुंपण लावावं, एक दिवा लावावा, पहाटेच्या गर्दीला एक माणूस नेमावा. एका टँकरचं डिझेल किती जातं हे बघितलं तर हा खर्च काहीच नाही. आदेशात एक वाक्य वाढवावं, की या कालावधीत सार्वजनिक वापरातून होणाऱ्या इजेची भरपाई अधिग्रहण करणारी संस्था देईल आणि मालकानं माहीत असलेला धोका सांगितला असेल तर त्याच्याकडं बोट दाखवलं जाणार नाही. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या अधिग्रहित विहिरींचा, शब्दावर घेतलेल्या शाळेच्या जागांचा, टाक्यांचा मिळून जिल्हा परिषदेनं एक विमा काढावा.

विमा म्हटलं की कुणीतरी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेकडं बोट दाखवतं. ती योजना चांगली आहे; शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य अपघातात गेला तर दोन लाख रुपये मिळतात, आमच्या शेजारच्या घराला मिळालेही. पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या अपघातासाठी आहे. त्याच्या विहिरीवर दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी तिच्यात काही नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा २००५चा कायदाही बघितला. बचावकामासाठी खासगी जागा ताब्यात घ्यायचा अधिकार कलम ६५मध्ये आहे, पुढच्या कलमात भरपाई कशी ठरवायची तेही आहे. ती परिसरातल्या भाड्यावरून ठरते. त्या जागेत आलेल्या माणसाला काही झालं तर काय, याबद्दल तिथंही अक्षर नाही. जागा घेताना मालकाला काय द्यायचं एवढाच विचार आपण आजवर केला. जागेत येणाऱ्या माणसाचा विचार राहूनच गेला.

खर्च वाढेल, जो तो दावे लावत सुटेल, असा आक्षेप मला एका सेवानिवृत्त अधिकाऱ्यानं घेतला. माणूस सज्जन आणि अनुभवी. त्यांना मी एवढंच विचारलं, की खर्च आजही होतोच, तो फक्त त्या बाईच्या घरातून आणि आमच्या कांद्याच्या पट्टीतून होतो. तो सगळ्यांनी मिळून भरावा यात वावगं काय? शिवाय पैसे आपल्या खात्यातून जाणार हे कळलं की कुंपण आपोआप लागेल. आज ते लागत नाही, कारण न लावल्याचा भुर्दंड दुसऱ्यालाच पडतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मागच्या पिढीनं शब्दावर जागा दिल्या. माझ्या पिढीतली मुलं आधी वकिलाला विचारतात. गेल्या वर्षी गावात अंगणवाडीला दोन गुंठे हवे होते तर रस्त्यालगतचा एकही शेतकरी पुढं आला नाही. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘द्यायला काही नाही हो दादा, पण उद्या स्लॅब पडला तर पहिलं माझं नाव.’ त्याला स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या विहिरीचं काय झालं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. अंगणवाडी आता गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं झाली आहे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं जात नाहीत.

यंदाही पाऊस कमी झालाय. विहीर लागणार, असा निरोप आला आहे. वडील देणार आहेत, त्यात बदल नाही. या वेळी आम्ही आमच्या पैशानं तिसरी पायरी बसवून घेतली, धावेच्या कडेला दोन फूट कठडा बांधला आणि विहिरीचे चारही बाजूंनी तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवले. आदेशावर सही करताना सहीखाली वडील स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिणार आहेत: विहिरीत उतरणं धोक्याचं आहे, वीज गेल्यावर पाणी काढायची सोय संस्थेनं करावी, आणि वापर चालू असेपर्यंतची जबाबदारी संस्थेची राहील. असा शेरा चालत नाही, असं तिथल्या लिपिकानं आधीच सांगून ठेवलंय. वडील म्हणाले, मग तो का चालत नाही, तेवढं तुम्ही लिहून द्या.